कांदाकाढणीतला गुरुवार

मार्च सरता सरता आमच्या पुनावळ्याच्या सोसायटीच्या फाटकाशी कांद्याचा टेम्पो येऊन उभा राहतो. घरात कांदे असले तरी मी खाली उतरते. दोनचार कांदे हातात घेऊन चोळते. वरचा तांबूस पापुद्रा सुटून वाऱ्यावर उडतो आणि मागे एक वास उरतो. मंडईतल्या, महिनाभर गोणीत कोंडलेल्या कांद्याला हा वास नसतो. ज्याची पात काल-परवाच विळ्यानं कापली आणि ज्याला अजून शेतातली माती चिकटलेली आहे, त्यालाच तो असतो. टेम्पोवाला विचारतो, "मॅडम, किती देऊ?" आणि मी भानावर येते.

नेमक्या याच दिवसांत वार्षिक परीक्षा असतात. मी इथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. सकाळी वर्गात शिरलं की घाम आलेल्या हातांचे डाग पडलेल्या उत्तरपत्रिका, पट्ट्या आणि पाण्याच्या बाटल्या दिसतात. खिडकीबाहेर ऊन पांढरं होत जातं. एका नाकपुडीत कांदा आणि दुसरीत नव्या कागदाचा वास, असा माझा चैत्र असतो. लोकांना हा मोहराचा, कोकिळेचा महिना वाटतो. मला तो एका गुरुवारचा वाटतो.

आमचं गाव निघोज्याच्या पलीकडे, आता कंपन्यांच्या कुंपणांमध्ये सापडलेलं. मी सातवीत होते तेव्हा कंपन्या नुकत्या येत होत्या. रस्त्याच्या एका अंगाला पत्र्याच्या उंच शेड उभ्या राहिल्या होत्या आणि दुसऱ्या अंगाला आमचे कांद्याचे वाफे तसेच होते. दिवसभर पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा धप्प, धप्प असा आवाज यायचा. जमिनीवर पालथं पडून अभ्यास करताना तो पोटाला जाणवायचा. फक्त गुरुवारी तो थांबायचा. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असायची आणि दिवसभर लाइटही नसायची. त्या शांततेत कांदे काढणाऱ्या बायकांच्या विळ्यांचा आवाजही ऐकू यायचा.

वडिलांना आम्ही तात्या म्हणतो. त्यांनी वाफ्यांच्या कडेला सहा खोल्या बांधल्या होत्या. विटांच्या भिंती आणि वर पत्रे. कामगारांना भाड्यानं द्यायला. तिसऱ्या खोलीत महादेव पवार आणि त्यांची बायको लता राहायला आले. बीडकडचे होते. महादेवभाऊ एका कंपनीत ठेकेदाराच्या माणसांत माल भरण्याचं काम करायचे आणि लतावहिनी आमच्याच शेतात रोजावर यायच्या. नवीन माणूस आला की आमच्याकडे आडनाव विचारतात आणि मग लगेच दुसरा प्रश्न येतो. तात्यांनीही विचारलं होतं, "कोणते पवार?"

"बीडकडचे," महादेवभाऊ म्हणाले होते.

तेवढ्यावर भागलं. पवार आमच्या सोयऱ्यांतही होते. लतावहिनी आमच्या स्वयंपाकघरात येऊन आईशेजारी बसून ताक प्यायच्या. त्यांना हसायला काहीही पुरायचं.

दोन वर्षांनी ठेकेदारानं कागदपत्रं मागितली. महादेवभाऊ चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात जातीचा दाखला घेऊन गेले. दुकानदारानं मशीनचं झाकण लावायच्या आधी तो वाचला. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं होतं की आमच्या तिसऱ्या खोलीत पारधी राहतात. इंग्रजांनी कधीकाळी कायदा करून या लोकांना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा जाऊन किती वर्षं झाली. पण आमच्या गावात त्या संध्याकाळी बायकांनी दोरीवरचे कपडे उजेडातच आत नेले.

तात्यांनी खोली रिकामी करायला सांगितलं नाही. त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. "माणूस कामाला वाघ हाय, भांडण न्हाई, तंटा न्हाई," ते म्हणायचे. आईनं ताक बंद केलं नाही. फक्त आता ती तांब्या घेऊन दारापर्यंत यायची आणि वहिनी बाहेर उभ्या राहून आपलं भांडं पुढे करायच्या. मी हे पाहत होते. पाहत होते म्हणजे डोळ्यांना दिसत होतं. त्यात काही वावगं आहे असं मनात आल्याचं आठवत नाही. लहान मुलं निष्पाप असतात असं आपण म्हणतो. त्यांना घरातल्या रीती हवापाण्यासारख्या वाटतात, एवढंच त्यात खरं असावं.

त्याच वर्षी आमच्या मराठीच्या बाईंनी मला एक कादंबरी वाचायला दिली. अनुवाद होता. कव्हर फाटलेलं, पहिली काही पानं नव्हतीच. अमेरिकेतलं एक छोटं गाव, एक लहान मुलगी आणि तिचे वकील वडील. एका काळ्या माणसावर खोटा आळ येतो. त्याचा खटला कुणी घ्यायला तयार नसतं आणि हे वडील तो घेतात. पुढे शिक्षिका झाल्यावर त्या पुस्तकाचं नाव कळलं, ते जगभर वाचलं जातं हेही कळलं. तेव्हा माझ्या लेखी ती फक्त पहिल्या पानांवाचूनची गोष्ट होती आणि ती मला सोडवत नव्हती.

पण परीक्षा तोंडावर आली होती. परीक्षेच्या दिवसांत पाठ्यपुस्तकाखेरीज काही हातात दिसलं तर तात्या ते चुलीत घालतील, असं आईनं बजावलं होतं. म्हणून मी कादंबरी लतावहिनींकडे ठेवली. गुरुवारी दुपारी बायका जेवून तासभर टेकायच्या, आई झोपायची, तेव्हा मी भूमितीची वही काखेत मारून तिसऱ्या खोलीत जायचे. वहिनींना वाचता येत नव्हतं. त्या म्हणायच्या, "मनात नगं वाचूस, मोठ्यानं वाच. मलाबी कळू दे."

मग मी मोठ्यानं वाचायचे. पत्रा तापून कडकड वाजायचा. वहिनी भिंतीला टेकून गोधडीला टाके घालायच्या आणि महादेवभाऊ उंबरा उशाला घेऊन, डोळ्यांवर गमछा टाकून दारातच आडवे व्हायचे. मला वाटायचं ते झोपतात. एकदा खटल्याच्या भागात मी पाणी प्यायला थांबले, तेव्हा गमछ्याखालून आवाज आला.

"सुटतो का तो?"

"माहीत नाही. अजून पुढं आहे," मी म्हटलं.

"न्हाई सुटायचा."

"पण त्यानं काही केलंच नाहीये. वकिलांनी सगळं सिद्ध केलंय."

वहिनी म्हणाल्या, "वाच तू, बाई. त्यांचं नको ऐकूस."

पुढच्या गुरुवारी मी निकालाचं प्रकरण वाचलं. त्या दिवशी एक वाजता गेले होते आणि थांबवेना म्हणून पाच वाजेपर्यंत बसले. वहिनीसुद्धा परत शेतात गेल्या नाहीत. निकाल देणारे बारा जण आत जातात, बाहेर येतात आणि तो माणूस दोषी ठरतो. महादेवभाऊ उठून बसले, रांजणातून तांब्याभर पाणी घेतलं आणि उन्हाकडे बघत पीत राहिले. "म्हणलं होतं मी," एवढंच म्हणाले. त्यात जिंकल्याचा सूर नव्हता.

मी घरी आले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. आमच्या शेजारचे बबनकाका, त्यांचा पुतण्या आणि आणखी चारपाच जण. दुपारी लाइट नसल्याचा फायदा घेऊन कुणीतरी तीन विहिरींवरच्या मोटारींची केबल कापून नेली होती. आत तांबं असतं, भंगारात ते चांगल्या भावानं जातं. बबनकाका एक वाजता जेवायला घरी गेले तेव्हा केबल जागेवर होती आणि पाच वाजता नव्हती. ऐन कांद्यात पाणी बंद म्हणजे राहिलेलं पीक जळणार.

"दुसरं कोण आसनार?" पुतण्या म्हणाला. "तुमच्या खोलीत ठेवलाय की, तात्या, तुमी. गुरवारचा घरीच असतो ना तो."

सकाळी मारुतीच्या पारावर बसायचं ठरलं. माणसं गेली. तात्या कांद्याच्या ढिगापाशी, आमच्याकडे त्याला आरण म्हणतात, तिथं जाऊन वरची पात सारखी करू लागले. मी मागोमाग गेले आणि सगळं सांगितलं. कादंबरी, वहिनी, एक ते पाच, दारात आडवे पडलेले महादेवभाऊ. सांगताना मला मार खायची तयारी ठेवावी लागली होती, पण मनातून हलकंही वाटत होतं. मोठ्या माणसाच्या हातात खरं ठेवलं की पुढचं तो बघतो, असं मी वाचत आले होते.

तात्यांनी हातातली पात खाली ठेवली. "पाचपतूर हुतीस?"

"हो."

"आन् तो हालला न्हाई?"

"पाणी प्यायला उठले तेवढंच."

ते जवळ आले. मग माझा हात हातात घेतला. त्यांचे तळवे कांद्यानं चिकट झाले होते.

"हे कुनाला सांगायचं न्हाई, मनू."

"पण तात्या, त्यांना मारतील."

"तू नववीतली पोर. दुपारभर त्या खोलीत काय करत हुतीस, हेच ईचारतील लोकं. केबल राहील बाजूला. उद्या तुझं लगीन करायचंय मला. तुला कळायचं न्हाई."

त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट मी आजारी असताना बोलायचे तसा मऊ होता. मला त्या मऊपणाचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी अकराला भूमितीचा पेपर होता. शाळेची वाट पारावरून जायची. वीस-पंचवीस पुरुष बसले होते. महादेवभाऊ मध्ये खाली मातीत उकिडवे बसले होते. शर्टाची बाही खांद्यापासून उसवलेली होती आणि ओठ सुजला होता. तात्या पाराच्या कडेला, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मी कंपासपेटी छातीशी धरून पुढे गेले. पायांना शाळेकडे जायचं होतं, पण पारासमोर थांबलेही पायच.

"काल दुपारी महादेवभाऊ खोलीवरच होते," मी म्हटलं. "एक ते पाच. मी तिथंच होते. वहिनींना पुस्तक वाचून दाखवत होते."

पारावर कुणी हललं नाही. मग मागून एक आवाज आला, "कसलं पुस्तक गं?" आणि दोघं तिघं हसले. ते हसू मी आजही ओळखीन. बबनकाका तात्यांकडे बघत होते. सगळेच तात्यांकडे बघू लागले. मीसुद्धा. तात्यांनी एक वाक्य बोलायचं होतं. माझी पोरगी खरं बोलती, कालच मला सांगितलंय तिनं, एवढंच.

तात्या जमिनीकडे बघत राहिले.

बोलले ते महादेवभाऊ. मान वर करून, सुजलेल्या ओठानं, सावकाश. "न्हाई. ही पोरगी नव्हती तिथं. लहान हाय, दया आली आसंल तिला. मी घरी एकलाच होतो. बायकू कामाला गेल्ती."

"मी होते," मी म्हटलं.

"नव्हतीस तू," ते माझ्याकडे बघून म्हणाले. इतक्या ठामपणे, की क्षणभर मलाच शंका आली.

मग तात्या बोलले. "जा मनू. पेपरला उशीर व्हईल."

आणि मी गेले. मला त्या पेपरात खूप चांगले गुण पडले. वर्तुळाच्या प्रमेयाची सिद्धता मी एकही खाडाखोड न करता लिहिली होती. पक्ष, साध्य, सिद्धता. हे सांगायची मला अजून लाज वाटते. मन मोडलं असताना हात इतका नीट चालू शकतो, हे चौदाव्या वर्षी कळू नये.

महादेवभाऊंना चौकीत नेलं. चार दिवसांनी केबलची जळकी टरफलं एका भंगारवाल्याच्या मागच्या आवारात सापडली. विकणारे दोघे गावातलेच निघाले, त्यांतला एक बबनकाकांचा तोच पुतण्या. यावर पारावर कुणी बसलं नाही. घरातल्या घरात मिटवलं गेलं आणि आठवडाभरात नव्या केबलवर मोटारी चालू झाल्या.

महादेवभाऊ परत आले ते सामान न्यायला. डावा हात पोटाशी धरून चालत होते. तात्या अंगणात उभे होते, पण कुणी कुणाशी बोललं नाही. छोट्या टेम्पोत एक पेटी, गोधड्या आणि रांजण चढला. लतावहिनी माझी कादंबरी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आल्या.

"शेवट राहिला की आपला," त्या म्हणाल्या. "काय होतं त्याचं?"

मी तोवर शेवट वाचला नव्हता. त्यांच्यासमोर उभं राहून मी खोटं बोलले. "सुटतो तो, वहिनी. वरच्या कोर्टात सुटतो."

त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. खोटं ओळखलं की नाही, कळलं नाही. टेम्पो कांद्याच्या वाफ्यांमधून धूळ उडवत गेला.

नंतर बारावी झाली, पुण्यात कॉलेज झालं, लग्न झालं. तात्यांच्या जमिनीचा मोठा तुकडा कंपनीत गेला, एक एकर राहिला. तिथं ते हट्टानं कांदाच लावतात. आम्ही दोघं कांद्याच्या भावावर बोलतो, शुगरच्या गोळ्यांवर बोलतो, माझ्या मुलाच्या क्लासवर बोलतो. त्या सकाळबद्दल कधी बोललो नव्हतो. मी त्यांच्यावर रागावलेली होते असंही नाही. राग आला असता तर कधीतरी संपला असता. त्यांच्याकडे बघताना माझ्या नजरेत एक बारीक कुंपण आलं आणि दोघांनाही त्याची सवय झाली.

या वर्षी नववीला अवांतर वाचन म्हणून तीच कादंबरी लावली, मूळ इंग्रजीतून. परीक्षेआधीच्या आठवड्यात मी वर्गात विचारलं, "या गोष्टीत तुम्ही असतात तर कोण असतात?" जवळजवळ सगळे वकील झाले. दोन मुली गोष्ट सांगणारी मुलगी झाल्या. निकाल देणाऱ्या बाकावर बसायला कुणीही तयार नव्हतं. मग मी त्यांना आमच्या पाराची गोष्ट सांगितली. नावं न घेता, पण ती मीच हे लपवलं नाही. शाळेत असं सांगायचं नसतं, तरी सांगितलं.

मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. तिचे वडील लातूरहून येऊन इथं गाडी चालवतात. ती म्हणाली, "मॅम, मग तुम्ही वडिलांना नंतर विचारलं का?"

"काय विचारायचं?"

"की ते का नाही बोलले."

"नाही विचारलं," मी म्हटलं.

"म्हणजे तुम्ही पण नाही बोललात," ती म्हणाली. उद्धटपणे नाही. गणितात पायरी सुटलीय हे दाखवावं तसं.

त्या रविवारी मी गावी गेले. तात्या शेतात बसून पात कापत होते. सत्तरीला आलेले, चष्म्याला दोरी बांधलेली. मीही विळा घेऊन शेजारी बसले. रविवारी प्रेस चालूच असतात, धप्प, धप्प. अर्धा वाफा झाल्यावर मी विचारलं, "तात्या, महादेवभाऊंची आठवण येते का?"

विळा थांबला नाही. "कांदा काढाया लागलं की येती."

"कुठं असतील आता?"

आणखी दोन कांद्यांची पात कापून ते म्हणाले, "राजगुरुनगरला हाय तो. रोपवाटिकेत. आठ वर्षं झाली, मी रोपं आणाया गेल्तो तवा दिसला." मग विळा खाली ठेवला. "मी तसाच मागं फिरलो. दुसरीकडनं रोपं आणली. तवापास्नं दुसरीकडनंच आणतो."

"जायचं का?"

त्यांनी गुडघ्यावर हात रेटून उठायला सुरुवात केली. मला वाटलं टाळून घराकडे निघाले. ते म्हणाले, "टोपी घेऊन येतो."

रोपवाटिका गावाबाहेर, हिरव्या जाळीखाली. बाहेरचं ऊन आत येताना पाण्याच्या रंगाचं होत होतं. मिरचीच्या, टोमॅटोच्या रोपांचे ट्रे ओळीनं मांडलेले. महादेवभाऊ नळी धरून पाणी घालत होते. केस पांढरे झाले होते आणि डावं कोपर अजून पूर्ण सरळ होत नव्हतं. आम्हाला बघून त्यांनी नळीचं तोंड खाली केलं, पण पाणी बंद केलं नाही. शेवटच्या ओळीत ट्रे भरणारी बाई पाठमोरी होती. मी "महादेवभाऊ" अशी हाक मारली आणि तीच आधी वळली.

"आवाज तोच हाय," लतावहिनी म्हणाल्या. "मनूच हाय ही."

त्यांनी पोतं अंथरलं. तात्या बसले नाहीत. टोपी हातात घेऊन म्हणाले, "महादेव, चुकलं माझं."

"कशात चुकलं, तात्या?" त्यांनी शांतपणे विचारलं.

तात्यांना वाटलं होतं एवढ्यावर होईल. मलाही वाटलं होतं. टोपी बोटांत फिरवत तात्या म्हणाले, "मला ठावं हुतं. तू घरीच हुतास ते. पोरीनं आदल्या सांजंलाच सांगितलं हुतं मला."

महादेवभाऊंच्या हातातली नळी आपल्याच पायांवर वाहत राहिली. वहिनींनी जाऊन नळ बंद केला.

"मला वाटायचं," महादेवभाऊ म्हणाले, "तुमाला ठाऊक नव्हतं. पोरीचं खरं वाटलं न्हाई तुमाला, आसं धरून चाललो मी. इतकी वर्षं."

तात्यांनी मान हलवली. कशाला, ते त्यांनाही कळलं नसावं.

मी न राहवून विचारलं, "तुम्ही का म्हणालात, की मी नव्हते?"

"काय करता मग? तुझ्या सांगण्यानं मी सुटलो नसतो. तू मातर अडकली आसतीस." त्यांनी भिजलेले पाय फरशीवर पुसले. "ते हसले ना, तवाच कळलं."

वहिनींनी चहा केला. आम्ही प्यालो. त्यांचा मुलगा तळेगावला नोकरीला आहे, सून शिकलेली आहे, हे कळलं. निघताना तात्या त्यांचा हात धरून पुन्हा म्हणाले, "माफ कर गड्या."

महादेवभाऊंनी हात जोडले नाहीत की तात्यांचा हात झिडकारला नाही. म्हणाले, "इथं सांगून काय व्हतंय, तात्या? मी केलं न्हाई, हे मला ठाऊकच हाय. पारावर सांगा."

परतीच्या वाटेवर तात्या टोपी मांडीवर घेऊन बसले होते. चाकणच्या चौकात गाड्या अडकल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. अपमान झाल्यासारखे दिसत नव्हते. लांबची वाट चालायची आहे आणि चपला कुठं काढून ठेवल्यात ते आठवतंय, असा काहीसा चेहरा होता.

चैत्राची यात्रा आली. यात्रेच्या आधी पारावर गावकी बसते. पालखीचा मान, मांडव, कुस्त्या, सगळं ठरतं. मी मुद्दाम गेले आणि देवळाच्या भिंतीशी बायकांमध्ये उभी राहिले. त्या सकाळच्या माणसांतले निम्मे आता नाहीत. बबनकाका खुर्चीवर होते, ऐकायचं यंत्र लावलेले. त्यांचा पुतण्या पुढे बसून मांडवाचं ठरवत होता. बाकीची तरुण पोरं मोबाइलवर. कुस्त्यांचा विषय चालू असताना तात्या उठले. कुणीतरी म्हणालं, "बोला तात्या. किती कुस्त्या ठेवायच्या?"

"कुस्त्यांचं न्हाई," तात्या म्हणाले. "माझ्या खोलीत महादेव पवार राहत हुता. केबलच्या चोरीत त्याला हितं मारला. तो त्या दुपारी घरी हुता. माझी पोरगी तिथं पुस्तक वाचत हुती, तिनं मला आदल्या दिवशीच सांगितलं हुतं. तिनं हितं येऊन सांगितलं तवा मी गप बसलो. तिला खोटी पडू दिली आन् त्याला मार खाऊ दिला. हे हितंच सांगायचं राहिलं हुतं."

पुतण्या हातातल्या वहीत बघत राहिला. बबनकाकांनी कानातलं यंत्र चाचपलं. एका तरुण मुलानं शेजारच्याला हळूच विचारलं, "कधीचं म्हणतायत?" आणि शेजारच्यानं खांदे उडवले. कुणी खाकरलं. मग कुणीतरी म्हणालं, "बरं, झालं गेलं. घ्या पुढं," आणि विषय परत कुस्त्यांवर गेला.

पण भिंतीशी माझ्या बाजूला उभ्या असलेल्या आईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळ्यांसमोरून चालत जाऊन तात्यांच्या शेजारी, पाराच्या पायरीवर बसली. आमच्या गावात गावकीत बायका तिथं बसत नाहीत.

सभा संपायच्या आधीच आम्ही तिघं निघालो. देवळामागच्या रस्त्यावर, जिथं कंपनीचं कुंपण सुरू होतं, तिथं तात्या थांबले. "फोन लाव त्याला," म्हणाले. मी वहिनींचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाशी दिला. आवाज मोठा होता, मला ऐकू येत होतं.

"महादेव, बोललो मी. पारावर."

मग महादेवभाऊंनी विचारलं, "कोण कोण हुतं?"

तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कुंपणाच्या खांबाला पाठ टेकली आणि एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. जे होते त्यांची. मग जे मेले, त्यांच्या जागी बसलेल्या मुलांची. पलीकडून प्रत्येक नावाला "हं" येत होता. मधेच एक नाव राहिलं, तेव्हा आईनं आठवण करून दिली, आणि तात्यांनी तेही सांगितलं.